आधी शोधा, मग विचारा

अण्णा,

तुम्ही गेल्यावर आईने तुमचा फोन माझ्या हातात दिला. त्यात आमचा शिलाई मशीन दुरुस्तीचा फोरम उघडाच होता. तिथला 'जुना शिंपी' म्हणजे तुम्ही, हे मला तेव्हा कळलं.

दोन वर्षांपूर्वी या जुन्या शिंप्याने विचारलं होतं, "खालून दोरा गुंततो. काय करावे?" फोरमची शिस्त मी सांभाळतो. मी सगळ्यांसमोर झापलं, "नियम तिसरा वाचा. आधी शोधा, मग विचारा. इथे कुणी रिकामटेकडं बसलेलं नाही." आणि चर्चा बंद करून टाकली. अकरा जणांनी अंगठे दिले, मला बरंही वाटलं.

तुम्ही खाजगीत लिहिलंत, "चुकलो सर. आपला वेळ घेतला."

तेव्हा आपल्यात अबोला होता. माझं नाव तिथे फोटोसकट होतं, म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं. आणि दोरा खालून का गुंततो, हे मी दहा वर्षांचा असताना तुम्हीच मला मशीनवर बसवून शिकवलं होतंत.

आज ती चर्चा मी पुन्हा उघडली. उत्तर द्यायला बसलो, 'अण्णा' एवढंच लिहून झालं.

तुमचा,
सर