गोड डोलोवर बंदी मिळणेबाबत

प्रति,
मा. आरोग्य निरीक्षक,
नगरपालिका, बोबो-दिउलासो.

विषय : माझ्याच दुकानातील गोड डोलोवर तातडीने बंदी घालणेबाबत.
संदर्भ : माझ्या रांजणांची आपण गेल्या महिन्यात केलेली तपासणी.

महोदय,

मी, पेलाजी मिलोगो, वय ५४, तीस वर्षे ज्वारीला मोड आणून डोलो गाळते. पिणाऱ्यांसाठी आंबवलेली बिअर. मुसलमान शेजारी व मुलांसाठी न आंबवलेला, गोड डोलो. दोन्हींचे रांजण वेगळे. आजवर एक तक्रार नाही.

२. दि. ९ रोजी शेजारच्या लग्नात गोड डोलोचा रांजण तडकला. घाईत मी उरलेला डोलो बिअरच्या जुन्या रांजणात ओतला. रांजण धुतलेला होता, पण त्याच्या अंगात आंबवण मुरलेले असते हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. दुपारी फेस आला. तोवर हाजी हमिदू दिक्को तीन तुंबे प्याले होते. ते फुलानी, मी बोबो; आमच्या दोन जमातींत पिढीजात थट्टा चालते व राग धरायचा नसतो. "काय गं माझी बटीक, आज कुणाला झिंगवलंस?" असे ते रोज दारावरून विचारत. त्या दिवशी ते स्वतः नाचले.

३. आता ते दर तीन-चार दिवसांनी येतात. खरा गोड डोलो दिला की म्हणतात, "हे साखरपाणी नको. लग्नातला दे." भीतीपोटी मी दोनदा त्याच रांजणातला दिला. हा माझा गुन्हा मला मान्य आहे. त्यांचा थोरला मुलगा ईसुफ परवा म्हणाला, "मावशी, थट्टेलाही कुंपण असतं. अब्बांना कुणी पाजतंय हे कळलं, तर त्याची चूल राहणार नाही." तेव्हापासून दारात मोटरसायकल थांबली की मी आधी तो रांजण झाकते.

४. नाही म्हणावे तर कारण सांगावे लागेल. सांगितले तर माझे घर जाईल आणि त्या सत्तरीच्या माणसाची मशिदीतली अब्रूही. म्हणून बंदी आपणच घालावी. आदेश मी दारावर डकवीन; गोड डोलोच बंद म्हटल्यावर मला कारण सांगावे लागणार नाही.

५. काल धीर करून मी "हाजीबाबा, तो रांजण" एवढेच बोलले. ते हळूच म्हणाले, "पोरी, मी विचारलं नाही, तू सांगू नकोस." आणि त्यांनी रिकामा तुंबा पुढे केला.

सबब आदेशात कारण लिहू नये व हा अर्ज वाचून जाळावा. आदेश शुक्रवारपूर्वी मिळावा. शुक्रवारी नमाजाआधी येतो असे ते सांगून गेले आहेत, आणि त्या दिवशी त्यांना मोटरसायकलवर ईसुफच आणतो.

आपल्या आदेशाकडे डोळे लावून बसलेली,
पेलाजी मिलोगो
(डाव्या अंगठ्याचा ठसा)
मंगळवार, दि. २६