अठ्ठावन्न किलोंची रंगीत तालीम

७ जानेवारी २०२४, रविवार. लातूर

काठमांडू — मोटारसायकलने — नक्की! प्रस्थान शनिवार, २ मार्च. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी पहिला परदेश, तोही स्वतःच्या गाडीवर. फाईल तयार आहे: गाडीची कागदपत्रे, विमा, दोघांची ओळखपत्रे, सीमेवर काढायच्या परवान्याची माहिती.

'दोघांची' हा शब्द तूर्त एकतर्फी आहे. पत्नी रुद्राणी गेली नऊ वर्षे माझ्या गाडीवर बसलेली नाही. कारण: पाठदुखी. एसटीच्या शेवटच्या बाकावर ही पाठ दुखत नाही, एवढी नोंद करून ठेवतो.

११ जानेवारी

गाडी जिलानी मिस्त्रीला दाखवली. वीस वर्षे तोच बघतो. त्याने गाडीपेक्षा फाईल अधिक वेळ चाळली. म्हणाला, "भाऊसाब, गाडी चढती डोंगर. ही फाईल चढंल का, ते बघा."

१४ जानेवारी

रुद्राणीपुढे नकाशा उघडून योजना मांडली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले — ही प्रगतीच! मग अट घातली: आधी माझ्याएवढं वजन मागं बांधून नांदेडला गुरम्माच्या घरी नीट पोचवा, मग माझं बघू. गुरम्मा ही तिची धाकटी बहीण.

अट रास्त आहे. चाचणीशिवाय भरवसा नको, हे डाळमिलच्या वजनकाट्यावर मी स्वतः अठ्ठावीस वर्षे सांगत आलो आहे. तिला वजन विचारले. उठून आत गेली.

१५ जानेवारी

वजन ५८ किलो गृहीत.

२० जानेवारी

हरभरा डाळीचे पोते भरले. काट्यावर बरोबर अठ्ठावन्न. जिलानीने ते मागच्या सीटवर उभे बांधले आणि वर हेल्मेट घालण्याची परवानगी मागितली. नाकारली.

२१ जानेवारी, रविवार. नांदेड

जे घडले ते क्रमाने लिहितो.

अहमदपूरला पोते जागेवर होते. दोरी तपासली. त्यानंतर गाडी एकाएकी सुरेख पळू लागली. रस्ता नवा झाला असावा, असे मला वाटले! बांधकाम खात्याचे मनोमन आभारही मानले. लोह्याला चहासाठी उतरलो, तर मागे पोते नाही. नुसती दोरी लोंबत होती.

उलटा फिरलो. माळाकोळीच्या अलीकडे एक वयस्क शेतकरी पोत्यावर बसून माझी वाट पाहत होता. नाव सटवाजी. त्याने पोते चढवायला हात लावला, दोरी स्वतः आवळली आणि मग शांतपणे म्हणाला, "लई हाका मारल्या, दादा. तुम्ही एकडाव मागं बघलं न्हाई."

पोते गुरम्माकडे दुपारी पोचते केले. एक कोपरा फाटला होता, तो भिंतीकडे करून ठेवला.

२२ जानेवारी. लातूर

गुरम्माचा फोन काल माझ्या आधीच घरी पोचला होता: पोतं आलं, ठीक हाय. रुद्राणीने आज आपणहून पेटी उघडून स्वेटर उन्हात टाकले. येणार आहे! नऊ वर्षांनंतर!

२३ जानेवारी

चाचणीचा अहवाल लिहायला बसलो. 'भार शेवटपर्यंत स्थिर' हे वाक्य हातून उतरेना. तिने होकार ज्या वजनावर दिला, ते वजन खोटे आहे.

२४ जानेवारी

सर्व सांगितले. नव्या रस्त्याचा भागही गाळला नाही.

२५ जानेवारी

स्वेटर परत पेटीत.

२६ जानेवारी

सकाळी चहा ठेवला आणि समोर बसली. प्रथम दुरुस्ती केली: "अठ्ठावन्न न्हाई. चोपन्न." मग म्हणाली, "बिलोलीचा पंप आठवतो?"

आठवतो. नऊ वर्षांपूर्वी पेट्रोल भरल्यावर स्कार्फ बांधायला ती खाली उतरली होती. ती बसली असे समजून मी निघालो आणि नरसीपर्यंत एकटाच बोलत गेलो. कळताच परतलो. घरी पोचेपर्यंत दोघेही हसत होतो. माझ्या लेखी प्रकरण तिथे मिटले होते.

"पंपावरच्या लोकांनी खुर्ची दिली मला," ती म्हणाली. "हसत होते. मी बी हसले. न्हाई तर काय करावं? इतका रस्ता गेलात, अहो. मी हाय का न्हाई, ते गाडीला बी कळलं न्हाई, तुम्हाला बी न्हाई."

पाठदुखीचे विचारायचे राहिले. आता विचारण्याची गरज नाही.

मी माफी मागितली. नऊ वर्षे उशिरा. तिने कप उचलले. म्हणाली, पोतं पडल्याचं कुणी सांगितलं नसतं. तुम्ही सांगितलं.

मार्चचे काय, हे विचारण्याचे धैर्य झाले नाही.

२८ जानेवारी, रविवार

सकाळी गाडी बाहेर काढली, तर डावा आरसा आत वळलेला. सरळ करू लागलो. "राहू द्या तसाच," म्हणत रुद्राणी मागे बसली. अहमदपूरपर्यंत जाऊन आलो. त्या आरशात रस्ता अजिबात दिसत नाही. ती दिसते.