कापूस नसलेली फिल्म

मिसबाह बेटा,

दहावीला मीडिया विषयासाठी तुला घरच्या कामावर फिल्म बनवायची होती. पिंजाऱ्याची पोर तू, म्हणून पिंप्राळ्यातलं आपलं गादीचं दुकान निवडलंस. आणि मी काय केलं? कॅमेरा येणार म्हणून पिंजायची मशीन बंद ठेवली, भिंतींवरचा, पंख्यावरचा सगळा कापूस झाडून काढला आणि ईदचा कुर्ता घालून खुर्चीवर ताठ बसलो.

"अब्बा, कापूस कुठंय? मी शूट काय करू?" तू रडवेली झालीस.

"आख्ख्या शाळेला आपला पसारा दाखवायचा का?" असं वर मीच तुझ्यावर ओरडलो.

तू तसंच शूट केलंस. सर म्हणाले, माणूस दिसतो, काम दिसत नाही. पुढे तू कॉमर्स घेतलंस आणि कॅमेऱ्याचं नाव काढलं नाहीस. हे पत्र तुला द्यायची माझी हिंमत नाही.

छातीच्या त्रासामुळे डॉक्टरांनी कापसाचं काम सोडायला लावलं. काल धरणगावचा माणूस मशीन घेऊन गेला. मशीन चालताना कशी दिसायची, ते पाहावंसं वाटलं म्हणून, तेव्हा ती मीच बंद ठेवली होती हे विसरून, मोबाईलवर तुझी फिल्म लावली. तिच्यातलं दुकान आजच्यासारखंच होतं. एकदम स्वच्छ.

अजून त्याच खुर्चीवर बसलेला,
तुझा अब्बा