भंतेजींपेक्षा उंच खुर्ची

१२ फेब्रु., राजुरा
मायचं ऑपरेशन परवा, चंद्रपूरला. न्हाणीत पडली, डाव्या खुब्याचं हाड मोडलं. नवा खुबा बसवणार. डॉ. म्हणाले, ऑपरेशन नेहमीचंच. पण मायला सात वर्षांपासून कंपवात (पार्किन्सन), त्यात स्नायू आखडतात, तोल जातो, बसवलेला सांधा निखळू शकतो. मायनं एकच विचारलं, "चालन ना जी मी?" डॉ. "बघू" म्हणाले.

१४ फेब्रु.
झालं. पण माझी घोडचूक. सकाळपासून पोटात काही द्यायचं नाही म्हणाले, तर मी कंपवाताची गोळीही दिली नाही. दर तीन तासांनी लागते, सात वर्षं हातानं देतोय, आणि ऐन वेळी कोणाला विचारलं नाही. दुपारी माय लाकडासारखी ताठ. गोळी गिळताच येईना. नागपूरच्या मेंदूच्या डॉ.ना फोन केला. त्यांनी झापलं: घोटभर पाण्यासोबत चालली असती, विचारायचं होतं! शेवटी नाकातल्या नळीतून दिली.

१५ फेब्रु.
मायला भ्रम. मला ओळखत नाही. "कंडक्टर, मले जिवतीले उतरवा जी." मी कंडक्टरच आहे, पंधरा वर्षं जिवतीचीच गाडी. म्हटलं, "उतरवतो बाई, बसा." मग जिन्यात जाऊन रडलो.

१७ फेब्रु.
ओळखलं! "दाढी काऊन नाई केली रे?" असं म्हणाली. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. (सुनीतानं हे वाचू नये.)

२४ फेब्रु.
घरी आणली. सहा आठवडे खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, मांडी नाही. सुताराकडून खुर्चीच्या पायांना ठोकळे ठोकून घेतले. माय त्यावर बसून म्हणते, "जिंदगीभर वाकूनच धानाची रोवणी केली, आता डाक्टर म्हनते वाकू नको." सु. पहारा देते.

३ मार्च
मीच बुद्धविहारातून भंतेजींना बोलावलं. मायसाठी परित्राण पाठ, रक्षणासाठी म्हणतात तो, तिलाही बरं वाटेल म्हणून. ते सोफ्यावर बसले, आम्ही सतरंजीवर. माय ठोकळ्यांच्या खुर्चीवर, म्हणजे त्यांच्याहून वीतभर उंच. माझ्या ध्यानातही आलं नाही. तिच्या आलं. भंतेजींपुढे आपण उंच कसं बसायचं? पाठ सुरू, आमचे सगळ्यांचे डोळे मिटलेले. ती हळूच घसरून सतरंजीवर बसली आणि हात जोडून कपाळ टेकवायला वाकली.
ओरडली. पाय आत वळलेला, आखूड झालेला. खुबा निखळला होता. भंतेजी पाठ सोडून उठले, ॲम्ब्युलन्सला फोन त्यांनीच केला. मला नंबर लावता येईना.
सारी वाट ती माफी मागत होती. माझी नाही, भंतेजींची.

४ मार्च
बसला! चीर न देता, भूल देऊन, ओढून जागेवर बसवला. आधी भुलीच्या डॉ.ना तीनदा विचारलं, "गोळी देऊ?" तिसऱ्यांदा ते वैतागले. वैतागू देत. घोटभर पाण्यासोबत दिली. शुद्धीवर आली तेव्हा हात सैल, डोळे स्वच्छ, मला नावानं हाक. देवबीव मानत नाही मी, पण त्या डॉ.च्या पाया पडावंसं वाटलं.
मात्र एकदा निखळलेला खुबा पुन्हा निखळू शकतो म्हणाले. कंपवातात जास्तच. निखळला तर परत ऑपरेशन. तिच्या वयात... पुढं बोलले नाहीत.

६ मार्च
भंतेजी दवाखान्यात आले, स्टुलावर बसले. माय पलंगावर, पुन्हा त्यांच्याहून उंच. उठायची धडपड. त्यांनी हातानंच थांबवलं. "बाई, आजारी मानसाले हे सारं माफ असते. झोपूनबी ऐकता येते. मीच त्या दिवशी सांगाले पायजे होतं."
माय म्हणाली, "मंग उभे तरी राहा जी, मले बरं वाटन."
ते तासभर उभे राहिले. पाठ पूर्ण केला.

१९ मार्च
घरी. आज वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत. मी मागं, हात तिच्या कमरेजवळ, न लावता. उंबरठ्याशी पाय जमिनीला चिकटले. कंपवातात दाराशी असंच होतं. माझे हात पुढे झाले.
"हात नको लावू. पडली तं मी पडन."
"आन् खुबा निघाला तं?"
"मंग काय आता पलंगावरच ठेवतं का मले?"
मी हात मागे घेतले. सु. स्वयंपाकघरातून बघत होती, भाजी करपली तरी हलली नाही.
मग डावा पाय उचलला तिनं, नव्या खुब्याचा, आणि उंबरठ्यापलीकडे टेकवला. उजवा अजून अलीकडेच होता. तशीच उभी राहून ती अंगणाकडे बघत होती. खुबा जागेवर आहे का बघायचा एक्स-रे मंगळवारी.