शेडची चावी धाकट्याकडे

मी, खाली सही करणारा, बोटींच्या इंजिनांचा मिस्त्री, विधुर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. फुप्फुसे गेली आहेत, डोके जागेवर आहे. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे. कोणीही दमदाटी केलेली नाही. सुनेने हट्ट धरला, पण हट्ट आणि दबाव यांतला फरक मला कळतो. याआधीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात धाकट्या भावाला काहीही नव्हते.

१. शेडमागच्या दोन खोल्या माझ्या कमाईच्या असून त्या सुनेला मिळाव्यात. माझा मुलगा गेल्यावर तिने माहेरी जावे असे चार लोक म्हणाले. ती गेली नाही. त्याचीच बोट घेऊन पलीकडच्या काठावर उतारूंची ने-आण करू लागली. मागची खिडकी अडकते. ती जरा उचलून ढकलावी, धक्के मारू नयेत.

२. लेकीला बँकेतली शिल्लक आणि तिच्या आईची शिलाई मशीन द्यावी. जावईबापूंना मी आयुष्यभर सल्ले दिले. त्यांनी ते वापरलेले नाहीत, अजून नव्यासारखे आहेत, तेच त्यांनी ठेवावेत.

३. बोटीवरचे इंजिन सुनेच्या मालकीचे आहे, त्यावर कोणी हक्क सांगू नये. गिऱ्हाईक नेहमी विचारते, "मिस्त्री, किती वर्षं टिकेल?" मला विचारून काय उपयोग, स्वतःला विचारा. खाऱ्या पाण्यातून आल्यावर दर वेळी गोड्या पाण्याने आतून धुतले, गिअरचे ऑइल वेळेवर बदलले, तर वीस-पंचवीस वर्षे सहज टिकते. आळस केला तर पाच वर्षांत भंगारवाला दारात. इंजिनाच्या पाण्यातल्या भागाला जस्ताचा एक तुकडा बसवलेला असतो. खारे पाणी आधी त्याला खाते, म्हणून इंजिन वाचते. तो झिजला की नवा लावायचा. त्याला रंग मात्र कधीही द्यायचा नाही. रंगाखाली जस्त शाबूत राहते आणि पाणी इंजिनाला खायला लागते.

४. आता माझा धाकटा भाऊ. धक्क्यावर त्याला 'चकाचक' म्हणतात, कारण इंजिन नव्यासारखे दिसल्याशिवाय त्याचे समाधान होत नाही. मी लेकीकडे गेलो असताना त्याने माझ्या मुलाचे इंजिन उतरवून रंगवले. जस्तासकट, हे मला फार उशिरा कळले. आमच्या शेडचा नियम आहे की ज्याने इंजिनाला हात लावला त्याने पहिल्या फेरीला बोटीत बसायचे. तो बसला नाही. "नुसता रंग तर दिलाय, दादा, त्यात काय बसायचं?" असे मला नंतर म्हणाला. एका फेरीत काही कळले नसते, हे मलाही ठाऊक आहे. पण स्वतः बसायचे असले की माणूस दोनदा बघतो.

पुढच्या वाऱ्याच्या दिवसांत, खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्याने कुरतडलेल्या गिअरच्या कवचातून पाणी आत शिरून गिअर तुटला. बोट सापडली. मुलगा सापडला नाही. तेव्हापासून मी भावाशी एक शब्द बोललेलो नाही.

५. बोटीवर मी दुसरे इंजिन बसवून दिले आणि आजवर त्याची निगा राखली. माझ्यानंतर कोण? धक्क्यावर दुसरा मिस्त्री उरलेला नाही. सून म्हणाली, "काकांनाच सांगा, बाबा." मी म्हटले, "त्याचं नाव या घरात काढायचं नाही." त्यावर ती भांडी घासता घासता म्हणाली, "राग तुम्हाला परवडतो. मला रोज परत यायचं असतं. पोरगी दारात उभी असते."

अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरे काय! म्हणून शेड आणि सर्व हत्यारे मी भावाला देतो, ती या अटीवर : सुनेच्या इंजिनाची निगा त्याने तहहयात राखावी आणि दर दुरुस्तीनंतर पहिल्या फेरीला खाडीच्या तोंडापर्यंत स्वतः तिच्यासोबत बसावे. मुलगा गेल्यापासून त्याने बोटीत पाय ठेवलेला नाही. तो पाण्याला घाबरतो. मला घाबरलेलाच मिस्त्री हवा आहे. एकदा जरी तो बसला नाही, तरी शेड त्याच दिवशी सुनेची होईल.

६. सुनेने अट कानावर घातली, तसा काल तो दाराशी आला. उंबरा ओलांडला नाही. "दादा, बसेन मी बोटीत. पण एकदा माफ केलं म्हण," असे म्हणून रडला. म्हातारा दिसू लागला आहे. मी भिंतीकडे तोंड केले. त्याचे उत्तर इथे देतो. या मृत्युपत्रात माफी कोणाच्याही नावे केलेली नाही. खूप शोधली, माझ्याकडे निघाली नाही. जे होते ते सगळे वाटून दिले आहे.

हा मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांना यातले काहीही मिळायचे नाही.

सही : मिस्त्री
साक्षीदार : दवाखान्याचे कंपाउंडर (सही)
साक्षीदार : शेजारचा लाकूडवाला (सही)
ठिकाण : धक्क्यावरची इंजिन दुरुस्तीची शेड
दिनांक : चौदा डिसेंबर