वेणी हातात आली तेव्हा

कुर्डुवाडी,
२५ जानेवारी १९७४

ती. अव्वा,
तुझ्या पायावर डोकं ठेवते. आता त्या डोक्यावर केस हायेत!

पोटाच्या ऑपरेशननंतर गळलेले केस परत येतील, असं डॉक्टर म्हणालेच होते. तोवर मी गळलेल्या केसांचंच गंगावन करून उरल्यासुरल्या केसांच्या वेणीत घालत होते.

काल संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या वच्छलाबाईंनी गजरा माळायच्या निमित्तानं वेणी ओढली की! गंगावन त्यांच्या हातात आलं. मी डोईवरचा पदर मागं सारला अन् बोटभर उगवलेले काळेभोर केस दाखवले. म्हटलं, "हातातले माझेच, डोक्यावरचेबी माझेच. बघून घ्या!"

आता दीड भाकरी जाते. दूध तेवढं अजून पचत न्हाई. अप्पांचा खोकला कसा हाय?

अन् माझे केस येईस्तोवर तू फूल माळणार नव्हतीस ना? आज माळ.

तुझी लेक,
गौरम्मा