सलीमचा हसरा फोटो

श्रीरामपूर, शुक्रवार, संध्याकाळ

आज बाजारात गॅरेजवाल्या सलीमची आई भेटली. पोलिसांनी त्याला चौकशीला नेलं, तेव्हा पेपरला बातमी मीच पाठवली होती. 'संशयित दहशतवादी.' कसली घाई झाली होती मला! फोटो हवा होता, म्हणून त्याच्या वाढदिवसाच्या जाहिरातीतला दिला. गळ्यात हार, तोंडभर हसू. पहिल्या पानावर छापून आला. चार दिवसांनी काहीच सापडलं नाही म्हणून त्याला सोडलं. ती बातमी आतल्या पानावर, चार ओळी, फोटोशिवाय.

म्हातारी म्हणाली, "भाऊ, लोक म्हनायचे, पकडलाय तरी हसतोय बघा. लई लागलं."

मला माफीसुद्धा धड मागता आली नाही.

घरी येऊन तो फोटो पुन्हा बघितला. किती मोकळा हसतोय. तो सुटला, त्या दिवशी छापायचा होता हा.